शिंक साताऱ्याची, संशय सांगलीवर

सांगलीत एखादा माणूस सलग चारदा शिंकला, की "काय झालं?" असं त्याला कोणी विचारत नाही. काय झालं ते सांगतात. ऊस सुरू असला तर कारखान्याचा धूर. सौदे चालू असले तर मार्केट यार्डातली हळद. पावसाळा असला तर भिंतीतली ओल, आणि ती ओल २०१९च्या पुरापासूनची. यातलं काहीच नसलं तर "पंखा जरा कमी करून झोपत जा" हे आहेच. साताऱ्यात हीच शिंक दिली तर निदान बदलतं. तिथे थंडी असते, अजिंक्यताऱ्यावरून येणारा वारा असतो, कासच्या बाजूचं धुकं असतं आणि कानाला मफलर नसतो. शिंक तीच आणि नाकही तेच, पण जिल्हा बदलला की आरोपी बदलतो.

माझी अडचण अशी, की मी सांगलीचा आणि सासुरवाडी साताऱ्याची. त्यामुळे माझ्या नाकावर दोन जिल्ह्यांचा दावा आहे. सकाळी डोळे उघडले की माझ्या शिंका सुरू होतात आणि चहा गार होईपर्यंत चालतात. आई म्हणते, "दिवाळीला साताऱ्याला जाऊन आलास ना? तिथली थंडी बाधली." दिवाळी होऊन तेव्हा शिमगा आलेला असतो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते फोनवर सांगतात, "सांगलीची हवाच दमट. नदीकाठचं गाव ते. चार दिवस इकडं या, नाक मोकळं होतंय का नाही बघा." मी चार दिवस तिकडे जातो आणि तिथेही शिंकतो. मामा खचत नाहीत. "सांगलीचं आत साठलेलं आहे, निघायला वेळ लागणारच," म्हणतात.

त्यातून, घराबाहेर पडताना कोणी शिंकलं तर जरा टेकायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं, अशी आमच्या आईची शिस्त. मी सकाळभर शिंकत असल्यामुळे घरातल्या कोणालाच बाहेर पडायला मुहूर्त सापडेना. खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवतेय, मुलगी दप्तर लावून तिसऱ्यांदा पाणी पितेय आणि मी नाक धरून बाथरूममध्ये उभा, हे रोजचंच झालं. शेवटी बायकोनं निकाल दिला, "अहो, ती ॲलर्जी टेस्ट करून टाका एकदा."

आश्चर्य म्हणजे दोन्ही घरांनी या प्रस्तावाला बिनविरोध मंजुरी दिली. याचं कारण मला उशिरा कळलं. ॲलर्जी टेस्ट आजार कळावा म्हणून कोणी करत नाही. आपण इतकी वर्षं बोंबलून सांगत होतो तेच खरं होतं, हे डॉक्टरच्या सहीनिशी मिळावं म्हणून करतात. आईला साताऱ्याची थंडी पकडून द्यायची होती. मामांना सांगलीचा धूर कागदावर हवा होता. बायकोचा संशय माझ्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर होता आणि रिपोर्ट हातात पडताच रद्दीवाल्याला फोन करायचा तिचा बेत होता. मुलीला मांजर पाळायचं होतं, म्हणून घरात तेवढी एकटीच टेस्ट बिनसायला नको अशी प्रार्थना करत होती. माझ्या नाकाचं पुढे काय व्हावं, याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

दाखवायचं तर मिरजेला, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून कोकणातला आणि कर्नाटकातला माणूससुद्धा दुखणं घेऊन मिरजेची वाट धरतो. आम्ही तर सिटी बसच्या अंतरावर. मी, बायको आणि आई असे तिघे गेलो. एका नाकाबरोबर दोन साक्षीदार.

पहिल्या भेटीत सुई निघालीच नाही. डॉक्टरांनी नुसते प्रश्न विचारले. शिंका घरात जास्त की बाहेर? सकाळी की रात्री? झाडलोट करताना वाढतात का? पावसाळ्यात की उन्हाळ्यात? डोळे खाजतात का? घराण्यात कोणाला दमा, इसब? "हे नीट कळलं नाही तर नुसत्या टेस्टला काही अर्थ नाही," ते म्हणाले. प्रश्न मला होते, उत्तरं उजव्या आणि डाव्या बाजूनं येत होती. "त्रास कधीपासून आहे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून." त्याच क्षणी बायको म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून." डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं आणि कागदावर "बरीच वर्षे" असं लिहिलं. तेवढ्यावरून हा माणूस अनुभवी आहे हे माझ्या लक्षात आलं.

मग त्यांनी पहिला धक्का दिला. थंड वारा, धूर, अत्तराचा उग्र वास, मिरचीची फोडणी यांनी नाक चिडतं आणि कोणाचंही चिडतं. पण ही ॲलर्जी नव्हे, आणि यांची टोचून करायची टेस्टही नसते. टेस्ट असते ती परागकण, बुरशी, धूळकिडे, जनावरांच्या अंगाचा कोंडा, झुरळ, काही खाण्याचे पदार्थ अशांची, कारण शरीर वैर धरतं ते बहुतेक वेळा त्यांच्यातल्या प्रथिनांशी. "म्हणजे थंडीचा थेंब नसतो?" आईनं विचारलं. नसतो. संध्याकाळी फोनवर मामांनी विचारलं, "आणि कारखान्याच्या धुराचा?" तोही नसतो. दोन्ही जिल्ह्यांचे मुख्य आरोपी खटला उभा राहण्याआधीच सुटले.

तयारीचा कागद मिळाला तो असा. टेस्टच्या आधी सात दिवस शिंकेची गोळी बंद. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, सर्दीच्या मिश्र गोळ्यांत आणि खोकल्याच्या औषधांत लपलेलं क्लोरफेनिरामिन, सगळं बंद. या गोळ्या ज्या खाजेला आणि सुजेला दाबतात, तीच टेस्टला उठलेली बघायची असते. गोळी पोटात असली तर हात सपाट राहतो आणि माणूस उगाच निर्दोष सुटतो. मात्र दम्याचा पंप चालू असेल तर तो बंद करायचा नाही. दमा उसळलेला असेल तर टेस्टच पुढे ढकलतात. रक्तदाबाची, झोपेची, मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं थांबवायची नाही, डॉक्टरांना नाव सांगायचं. रक्तदाबावरच्या 'बीटा ब्लॉकर' जातीच्या गोळ्या चालू असल्या आणि टेस्टमध्ये क्वचित मोठी रिॲक्शन आली, तर ती उतरवणारं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्याही हातावरची गांध दाबून टाकतात.

"घरातल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून आणा," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. आमच्या घरातल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात असतात. प्रत्येक पट्टी कात्रीनं अशी कापलेली, की गोळी शिल्लक आणि नाव गेलेलं. "ही पिवळी पित्ताची, ही पांढरी तापाची, आणि ही दुसरी पांढरी तुझ्या बाबांची होती, चांगली लागू पडायची," अशी आईची यादी. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. गोळी अजून चांगली आहे, यावर आई ठाम. शिवाय कुठल्या तरी वैद्यानं कागदात बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या तीन पुड्या निघाल्या. डॉक्टरांनी त्या बघितल्या, वास घेतला आणि आठवडाभर डबाच उघडू नका म्हणून सांगितलं.

तो आठवडा कठीण गेला. शिंकांमुळे नव्हे, शेजाऱ्यांमुळे. आमच्या भागात माणसानं दुखणं घेऊन नुसतं बसणं हा गल्लीचा अपमान समजतात. समोरच्या काकू आल्याचा रस घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरून ओव्याची पुरचुंडी आली. एकानं निलगिरीचं तेल आणलं. औषध दुकानवाला आमच्या ओळखीचा. तो रस्त्यात थांबवून म्हणाला, "अर्ध्या गोळीनं काय होतंय ओ? डॉक्टरला कळतंय व्हय?" मला फक्त वाफ घ्यायला आणि मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायला परवानगी होती. हे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेनं बघायचे, कारण ज्या उपचाराला पैसे पडत नाहीत तो उपचार कसला!

आई एकदा वैतागून म्हणालीही, "मग रक्ताचीच टेस्ट करा ना." तशी टेस्ट असते. रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, मोजतात आणि तिला गोळी बंद करावी लागत नाही. अंगभर इसब असलेल्यांना किंवा गोळी सोडूच न शकणाऱ्यांना तीच बरी. पण हातावरची टेस्ट वीस मिनिटांत सांगते आणि रक्ताला थांबावं लागतं. आमच्या घरात वाट बघण्याची तयारी कोणाचीच नव्हती.

रक्ताच्या टेस्टचा विषय निघाला की आमच्या कराडच्या आत्याचा विषय निघतो. आत्याचं पोट फुगायचं. तिनं कुठून तरी दोनशे पदार्थांची टेस्ट एका सवलतीत करून घेतली. रिपोर्ट रंगीत. त्यात गहू लाल, ज्वारी लाल, दूध लाल, तूरडाळ लाल आणि शेंगदाणा तर गडद लाल. सातारा-सांगली पट्ट्यात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, आमटीला अंग येत नाही आणि उपवासही घडत नाही. आत्या वाळली. शेवटी तिलाही आम्ही मिरजेला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, की या रिपोर्टात मोजलंय ते आयजीई नव्हे, आयजीजी नावाचं दुसरंच प्रतिपिंड. ते वाढलेलं असणं म्हणजे आपण तो पदार्थ खातो, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. ॲलर्जी ओळखायला ही चाचणी वापरू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं २००८ सालीच सांगून टाकलंय. मग त्यांनी आत्याला विचारलं, "शेंगदाणे खाल्ले की काय होतं?"

"काय होतंय? बरं वाटतंय."

"मग खा."

आत्यानं त्या डॉक्टरांचा फोटो अजून देव्हाऱ्यात लावलेला नाही, एवढंच.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी साताऱ्याहून मेव्हणा येऊन थडकला. "दाजी, तुमची होतेच आहे तर माझी पण उरकून टाकू." याला पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की शिंका येतात. आता पालीला हजारो माणसं एका वेळी हळद उधळतात, आकाश पिवळं होतं, आणि तिथे ज्याला शिंक येत नाही त्याचंच नाक तपासायला हवं. पण मेव्हण्याच्या मते ही हळद सांगलीहून येते, तेव्हा मूळ इकडेच. त्याच्याही डब्यात गोळी नव्हती. आठवडाभर पाळलं होतं, आईशपथ.

सकाळी आईनं आम्हाला चहा दिला नाही. टेस्ट म्हटलं की उपाशीपोटी, हे तिच्या मनात कोरलेलं. कागदावर "नेहमीप्रमाणे खाऊन या" असं छापलेलं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छापणाऱ्याची चूक झाली असेल." मग तडजोड म्हणून तिनं खिशात भडंगाची पुडी दिली, "रक्त काढून झालं की खा." रक्त कोणी काढणार नव्हतं. हातांना तेल किंवा क्रीम लावायचं नाही, बाही खांद्यापर्यंत सरकेल असा ढगळ शर्ट घालायचा, हेही कागदावर होतं. मेव्हणा कडक इस्त्रीचा, मनगटाशी बटण लावलेला शर्ट घालून तयार, आणि अत्तर एवढं की डॉक्टरांच्या कंपाउंडरलाच शिंक आली.

प्रत्यक्ष टेस्टमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे लिहितात. प्रत्येक आकड्याशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब. मग बारीक टोकाच्या लॅन्सेटनं त्या थेंबातून कातडी नुसती उचकवतात. टोचतं, पण डास चावावा एवढंच. टोचणाऱ्या सिस्टर प्रत्येक थेंबाचं नाव घेत होत्या आणि आई दारातून ऐकत होती. धूळकिडा, झुरळ, मांजर, कुत्रा, वेडी बाभूळ, एरंड, काटेमाठ, गाजर गवत, कागदाची धूळ. शेवटी हरळी.

"हरळी?" आई आत आली. "हरळी म्हणजे दूर्वा की! गणपतीच्या गावात राहून दूर्वांवर संशय घेताय?"

सांगलीचं दैवत गणपती. मंदिर पटवर्धन संस्थानिकांचं, त्यामुळे प्रश्न धर्माचाही आणि संस्थानचाही. डॉक्टरांनी समजूत घातली, की वैर असतं ते शेताच्या बांधावर फुलोऱ्याला आलेल्या हरळीच्या परागकणांशी. आपण देवाला वाहतो त्या कोवळ्या दूर्वा, त्यांना फुलोरा नसतो. शास्त्रानंच आधी काळजी घेतलेली होती, हे कळल्यावर आईनं हरळीच्या थेंबाला परवानगी दिली.

टोचून झाल्यावर वीस मिनिटं बसायचं आणि खाजवायचं नाही. खरी परीक्षा ही. हातावर एका ठिकाणी वणवा पेटलेला असतो आणि आपण भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतो. डॉक्टर गप्पिष्ट निघाले, म्हणून वेळ गेला. ते म्हणाले, ही पद्धत मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीची. त्याला स्वतःला गवताच्या मोसमात शिंकांनी हैराण केलं होतं. त्यानं स्वतःचीच कातडी खरवडून वर गवताचे परागकण लावून पाहिले, हवेत किती वर परागकण असतात ते बघायला चिकट काचा लावून पतंग उडवले, आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोघांनी कमाल केली. क्युस्टनरला मासे चालत नसत. प्राउस्निट्झनं त्याच्या रक्तातला द्रव आपल्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि मासे मजेत खाणाऱ्या या गृहस्थाच्या अंगावर त्या जागी गांध उठली. रक्तात काहीतरी आहे हे त्यातून सिद्ध झालं. आपल्याकडे मित्राचं कर्ज अंगावर घेणारे पाहिलेत. मित्राची ॲलर्जी अंगावर घेणारा हा एकटाच.

तेवढ्यात मेव्हण्याचा हात बघण्याची वेळ झाली. हात स्वच्छ. एकही गांध नाही. "बघा दाजी, साताऱ्याचं रक्त!" तो म्हणाला. डॉक्टर मात्र एकाच आकड्याकडे टक लावून बघत होते. थेंबांच्या रांगेत दोन थेंब पंचांचे असतात. एक नुसत्या खारट पाण्याचा. तो कोणाच्याच हातावर उठायला नको. उठला तर त्या माणसाची कातडीच हळवी, नुसत्या ओरखड्यानंही फुगणारी. दुसरा हिस्टामिनचा. तो प्रत्येकाच्या हातावर उठलाच पाहिजे. मेव्हण्याचा हिस्टामिनचा थेंब सपाट होता.

"कुठली गोळी घेतली?" डॉक्टरांनी विचारलं.

"शप्पथ नाही घेतली. सर्दीची गोळी शिवलो पण नाही."

"सर्दीची नाही. काल कुठली घेतली?"

मेव्हणा जरा थांबला. "काल एस.टी.त मागची सीट मिळाली. गाडी लागू नये म्हणून तेवढी एक..."

गाडी लागू नये म्हणून बहुतेक लोक घेतात त्या गोळीत प्रोमेथाझिन असतं आणि ते याच शिंकेच्या गोळ्यांच्या घराण्यातलं. कराड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा. सगळा रस्ता सपाट, घाट म्हणून नाही, आणि या बहाद्दरानं महाबळेश्वरची गोळी सांगलीच्या रस्त्यावर खाल्ली होती. त्याची टेस्ट रद्द. पुन्हा आठवडा पाळून यायचं ठरलं. जाताना तो पुढच्या सीटचं रिझर्व्हेशन करून गेला.

माझ्या हाताशेजारी मग प्लास्टिकची पट्टी लागली. खारट पाण्याच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगलं तर त्याला पॉझिटिव्ह म्हणतात. गाजर गवत शून्य. हे १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत भरलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि काँग्रेस गवत हे नाव घेऊन गल्लोगल्ली पसरलं. आमच्याकडे पक्ष कुठे किती उरला यावर वाद होतो, गवताबद्दल होत नाही. ते मला सुटलं. मांजर शून्य, हे ऐकून घरी मुलीनं टाळ्या वाजवल्या. कागदाची धूळ शून्य. बायकोनं तो आकडा दोनदा बघून घेतला, पट्टी नीट धरलीय का असंही विचारलं. हरळी शून्य, आईनं हात जोडले. झुरळ चार मिलिमीटर.

इथे पहिल्यांदा आई आणि बायको एका बाजूला आल्या. "आमच्या घरात झुरळ नाही!" दोघी एका सुरात म्हणाल्या. गांध उठली म्हणजे घरात झुरळ आहेच असं नाही, शरीरानं कधीतरी ओळख करून घेतलीय एवढंच, आणि त्या ओळखीचा त्रास होतोच असंही नाही, असं डॉक्टर समजावत राहिले. पण प्रश्न वैद्यकीय राहिला नव्हता, घराण्याच्या अब्रूचा होता. हा आकडा शेजाऱ्यांना सांगायचा नाही असा ठराव बसमध्येच झाला.

शेवटचा आकडा धूळकिड्याचा. नऊ मिलिमीटर, कडेनं लाल, आणि खाज अशी की मला डॉक्टरांचं नावही आठवेना. तेवढ्यात सिस्टरनी मलम लावलं, शिंकेची गोळी हातावर ठेवली आणि अर्धा तास बसवून ठेवलं. जवळच्या ट्रेमध्ये ॲड्रिनलिनचं इंजेक्शन तयार होतं. मोठी रिॲक्शन क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून ही टेस्ट अशी सोय असेल तिथेच करावी. घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत हात थोडा सुजला तरी घाबरायचं नाही.

शेजारच्या बाकावर एक गवंडीकाका पाठीवर पट्ट्या चिकटवून बसले होते. ती वेगळी टेस्ट, पॅच टेस्ट. हात फुटणं, चट्टे, इसब यांच्यासाठी. सिमेंटमधलं क्रोमेट, खोट्या दागिन्यांतलं निकेल, केसांच्या कलपातलं रसायन, टिकलीमागचा गोंद, गाजर गवत असे पदार्थ पाठीवर ४८ तास चिकटवतात, मग काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. गवंडीकाका म्हणाले, "दोन दिस आंघुळ न्हाई, काम न्हाई आणि घरात कोण बोलत न्हाई. लई दिसांनी असं सुख लागलं."

घरी आल्यावर मामांचा फोन. निकाल ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा किडा कुठला म्हणायचा?"

धूळकिडा सगळीकडचा. लांबीला मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा, पाय आठ, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चावतही नाही. गाद्या-उशांत राहतो. पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेची. हे शेवटचं वाक्य मी मुलीसमोर बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या रिक्षाला समजलं की बाबांना शीची ॲलर्जी आहे.

"उंचावर हा जगत नाही म्हणं," मामांनी पुढच्या फोनवर सांगितलं. त्यांनी माहिती काढली होती. खरं आहे. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला, जिथे आपले मुख्यमंत्री गुंतवणुकीचे करार करायला जातात, उंच आणि कोरड्या हवेमुळे हे किडे फार कमी असतात. तिथे दम्याच्या रुग्णांना मुद्दाम ठेवत असत. "मग आमचं महाबळेश्वर काय कमी उंच आहे का?" महाबळेश्वर १३७० मीटरवर आहे, दावोसपेक्षा फार खाली नाही. पण पावसाळ्यात तिथे खिशातला रुमालसुद्धा चार-चार दिवस वाळत नाही. धूळकिड्याला आणखी काय हवं? मामांनी विषय बदलून स्ट्रॉबेरीवर नेला.

मग गादीची चौकशी सुरू झाली. आमची गादी रुखवतात आलेली, म्हणजे साताऱ्याची. आईच्या चेहऱ्यावर तेज आलं. पण बायकोनं दाखवून दिलं, की मधे ती पिंजून घेतली ती सांगलीत आणि निम्मा कापूस तेव्हाच बदलला. गादीचं नागरिकत्व ठरेना. डॉक्टरांचे उपाय मात्र दोन्ही जिल्ह्यांना सारखे होते. गादी-उशांना घट्ट विणीची, चेन असलेली कव्हरं. चादरी आठवड्याला एकदा, ६० अंशांच्या गरम पाण्यात. खोलीत ओल नको, कोरडा झाडू नको, ओलं फडकं मारायचं. नाकातला फवारा आणि गोळी गरजेप्रमाणे. एवढ्यानं भागलं नाही तर पुढे त्याच किड्याच्या अर्काचे वाढते डोस तीन ते पाच वर्षं देऊन शरीराची समजूत घालता येते. लिओनार्ड नून या डॉक्टरनं १९११ मध्ये लंडनमध्ये परागकणांवर ही पद्धत सुरू केली.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण हा खातो काय?"

माणसाच्या अंगावरून झडलेला कोंडा, मी सांगितलं. आपण झोपतो, आपल्या कातडीचा भुगा गादीत पडतो, त्यावर तो जगतो.

"म्हणजे आपल्याच अंथरुणात राहायचं, आपल्याच जिवावर खायचं आणि वर आपल्यालाच त्रास द्यायचा," आई म्हणाली. "याला किडा कशाला म्हणताय? ही भावकी!"

इतकं अचूक निदान मिरजेतही झालं नव्हतं. भावकी कोणाला हाकलता येत नाही, तिच्यावर फवारणी चालत नाही आणि गाव सोडून गेलं तरी ती मागून येते. करता येतं ते एकच. मोजणी करून घ्यायची आणि मधे पक्का बांध घालायचा. आमच्या गादीला आता चेनचं कव्हर आहे. सकाळच्या शिंका पुष्कळ कमी झाल्यात, रिक्षा वेळेवर सुटते, आणि कव्हराचा खर्च सांगलीनं करायचा की साताऱ्यानं, एवढाच तंटा अजून प्रलंबित आहे.